होड्यांच्या शर्यतीचा गेम अंध मित्रांना खेळता यावा म्हणून काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीतल्या होड्यांच्या शर्यतीवर युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अँड्रॉइड गेम केलाय. पाणी, वल्ही, काठावरचा गलका, सगळे आवाज घातलेत, तरी अंध मित्रांची होडी आयर्विन पुलाच्या खांबावरच आदळते. आवाज कमी पडलेले नाहीत, ते उशिरा येतात. खांबावर पाणी आपटल्याचं ऐकू येईपर्यंत वळायची वेळ गेलेली असते.

आधी ऑडिओ लिसनर, म्हणजे युनिटीतला गेमचा ‘कान’, कुठे आहे ते बघा. तो आपोआप कॅमेऱ्यावर बसतो. कॅमेरा होडीच्या मागून, वळताना जरा रेंगाळत येत असेल, तर डावं-उजवं चुकीचंच ऐकू येणार. लिसनर होडीवर हलवा.

आता खरं काम, वाट दाखवणारा आवाज. होडीपुढे दोन सेकंदांच्या अंतरावर, नदीतल्या सुरक्षित वाटेवरून सरकणारा एक अदृश्य बिंदू ठेवा. वेग सेकंदाला 6 मीटर असेल तर 12 मीटर पुढे. हे अंतर एका सेकंदावर आणलंत तर आवाज सारखा इकडून तिकडे उड्या मारतो आणि होडी नागमोडी जाते. चार सेकंदांवर नेलंत तर वळणावर आवाज काठापलीकडून येतो नि होडी सरळ काठात घुसते. होडीचं टोक ज्या दिशेला आहे तिथपासून त्या बिंदूचा कोन अंशांत मोजा, 30 ने भागा, उत्तर -1 ते 1 मध्ये अडवा आणि तेच पॅन स्टिरिओला द्या (आवाज डाव्या-उजव्या कानात किती वाटायचा ते ठरवणारी सेटिंग). स्पेशियल ब्लेंड 0, म्हणजे युनिटी स्वतः आवाजाची दिशा-अंतर लावणार नाही. ही अतिशयोक्ती मुद्दाम करायची, कारण पाच-सात अंशांचा फरक एरवी इयरफोनवर धड कळत नाही.

आवाज हलगीच्या थापेचा घ्या. तुटक, कडक ठोका कुठून आला हे कानाला चटकन कळतं. बासरीसारखा लांब सूर असेल तर चाचपडायला होतं. कोन 3 अंशांच्या आत आला की थापेऐवजी बारीक ‘टिक्’ वाजवा, म्हणजे होडी सरळ आहे हे नक्की समजतं. हे वाट दाखवणारे आवाज वाजताना काठावरचा गलका 8-10 डेसिबलने खाली घ्या, कितीही जीव लावून रेकॉर्ड केलेला असला तरी.

शर्यतीत टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीन वाचून दाखवणारं साधन, चालू राहिलं तर बोटाचे स्पर्श तेच गिळतं. दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून धरून ते थांबवायला सांगा आणि गेमने स्वतः अँड्रॉइडच्या टेक्स्ट-टू-स्पीचमधून बोलावं. ‘खांब, उजवीकडे’ एवढंच, आणि क्यू-फ्लश लावून, म्हणजे आधीचं बोलणं तोडून नवी सूचना लगेच येते. क्यू-ॲड (आधीचं संपल्यावर पुढचं) ठेवलंत तर खांब मागे गेल्यावर सूचना येते. वळवायला फोन तिरका करण्याची सोय ठेवा. मेनूसाठी मात्र टॉकबॅकच हवं: युनिटी 6 च्या ॲक्सेसिबिलिटी मॉड्यूलमध्ये प्रत्येक बटणाला लेबल द्या, नाहीतर त्याला अख्खा गेम एक रिकामा चौकोन वाटतो.

चाचणी वायरच्या इयरफोनवरच घ्या. ब्लूटूथचा आवाज 0.2 सेकंद मागे राहिला तरी होडी सव्वा मीटर पुढे गेलेली असते. सुरुवातीला एकेका कानात ‘डावा’, ‘उजवा’ म्हणवून घ्या. फोनवर मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू असेल तर तिथेच कळेल.

तुम्ही स्वतः डोळे मिटून खेळून बघाल, पण त्यावर विसंबू नका. नदीचं वळण तुम्हाला पाठ आहे. मित्रांनाही आता ते पाठ झालं असेल, म्हणून पुढच्या चाचणीला नदी डावी-उजवी उलटी करून द्या.