चार देश, तेरा दिवस आणि छत्तीस हप्ते

प्रश्न : फेब्रुवारीत आमचं लग्न झालं. आम्ही दोघंही नाशिकला नोकरी करतो, दोघांचे मिळून ९५,००० रुपये हातात येतात. भाडं, घरखर्च, सासू-सासऱ्यांना पाठवायचे पैसे आणि १५,००० रुपयांची एसआयपी जाऊन महिन्याला साधारण २५,००० उरतात. फिरण्यासाठी १,९०,००० बाजूला ठेवलेत, आहेराचे ८५,००० घरात आहेत आणि ३ लाखांची एफडी आहे. दोन वर्षांत फ्लॅट घ्यायचाय. हनिमूनसाठी इटली, ग्रीस, स्पेन आणि पोर्तुगाल असं १३ दिवसांचं पॅकेज पाहिलंय. मेअखेरचं आहे, माणशी २,४५,००० रुपये. नवरा म्हणतो, ४ लाखांचं पर्सनल लोन काढू, बाजूचे पैसे खरेदीला आणि घर लावायला राहतील, तीन वर्षांत लोन फिटेल. मला वाटतं, त्यापेक्षा एफडी मोडावी. घरचे म्हणतात, कुठे युरोप घेऊन बसलात, मनालीला जा. काय करावं?

उत्तर : युरोपला जा. लोन काढू नका आणि एफडीलाही हात लावू नका. पण मेमध्ये जाऊ नका आणि चार देशही करू नका. माझं सगळं म्हणणं या दोन बदलांवर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी लोन. ४ लाख, १४ टक्के व्याज, ३६ महिने असं धरलं तर हप्ता येतो सुमारे १३,६७० रुपये. एकूण फेड ४ लाख ९२ हजारांच्या आसपास, म्हणजे ९२,००० व्याजात गेले. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा. तुमच्या नवऱ्याला हे परवडण्यासारखं वाटतंय, कारण महिन्याला २५,००० उरतात आणि हप्ता त्यात बसतो. त्याचा हिशेब तेवढ्यापुरता चुकीचा नाही. पण दोन वर्षांनी तुम्ही गृहकर्जासाठी बँकेत जाल, तेव्हा या लोनचे बारा हप्ते शिल्लक असतील. बँक तुमच्या पगारातून चालू हप्ता वजा करून मगच कर्जाची ऐपत ठरवते. ८.५ टक्के आणि २० वर्षांच्या गृहकर्जाला लाखामागे साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. त्या हिशेबाने १३,६७० चा हप्ता चालू असेल, तर तुम्हाला मिळू शकणारं कर्ज पंधरा लाखांहून जास्त घटतं. ते टाळायला लोन आधीच बंद करायचं म्हटलं, तर तेव्हा बाकी असलेले दीड लाख भरावे लागतील, आणि ते जातील डाउन पेमेंटमधून. नाशिकमध्ये पंधरा लाखांचा फरक म्हणजे एका खोलीचा फरक आहे.

ट्रॅव्हल कंपनीने 'नो कॉस्ट ईएमआय' पुढे केला, तर एकच विचारा : रोख भरले तर किती? बऱ्याचदा सवलत तिथे निघते आणि व्याज कुठे लपलं होतं ते कळतं.

एफडीबद्दल. तुमचा महिन्याचा खर्च ५५,००० आहे, म्हणजे ३ लाखांत साडेपाच महिने निघतील. दोन पगार, भाड्याचं घर, गावी आई-वडील. ही रक्कम याच कारणासाठी आहे आणि ती जेमतेम पुरेशी आहे. तुमचा पर्याय नवऱ्याच्या पर्यायापेक्षा स्वस्त आहे हे नक्की. पण लग्नानंतरचं पहिलं वर्ष आकस्मिक निधी शून्यावर आणून सुरू करू नये.

आता पॅकेज. कागदावर चार देश दिसतात, पण दक्षिण युरोप नकाशावर दिसतो तितका आटोपशीर नाही. लिस्बन आणि माद्रिद शेजारच्या देशांच्या राजधान्या, तरी त्यांच्यामध्ये थेट वेगवान रेल्वे नाही. स्पेनहून इटली आणि इटलीहून ग्रीस, दोन्ही वेळा विमान. प्रत्येक मुक्काम बदलताना अर्धा दिवस बॅगा, विमानतळ आणि बसमध्ये जातो. १३ दिवसांतून जाण्या-येण्याचे दोन आणि असे अर्धे-अर्धे वजा केले, की देशामागे जेमतेम दोन दिवस उरतात. पॅकेज वाईटच असतं असं नाही. आई-वडिलांना पाठवायचं असेल तर मी पॅकेजच सुचवेन, रोज संध्याकाळी वरण-भात मिळतो त्याची किंमत त्या वयात मोठी असते. पण तुम्ही दोघं तरुण आहात, फोनवर तिकीट काढता येतं, आणि हनिमूनला चाळीस जणांची बस कशाला हवी?

मेअखेरची अडचण वेगळी. तुम्ही आत्ता, एप्रिलमध्ये विचारताय. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. शिवाय उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम होऊन बसतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालात, तर समुद्र अजून कोमट असतो, रोममधली गर्दी ओसरायला लागलेली असते, आणि मधल्या पाच महिन्यांत तुमच्याकडे १,२५,००० जमतात. उरलेला प्रश्न पितृपक्षाचा, तो आडवा आला तर घरच्यांशी तुम्हीच बोला. दिवाळसणाच्या आत मात्र नक्की परत याल.

माझा प्रस्ताव असा : रोममध्ये ४ रात्री, मग विमानाने अथेन्सला १ रात्र, नाक्सोस बेटावर ४, परत अथेन्सला १. मुंबईहून रोमला जायचं आणि अथेन्सहून परत यायचं असं एकच तिकीट काढा, म्हणजे मागे वळून रोमला येण्याचा खर्च वाचतो. अथेन्समधली शेवटची रात्र कापू नका. वारा फार झाला तर बंदरातून बोटी सोडतच नाहीत, आणि ज्या दिवशी मुंबईचं विमान त्याच दिवशी बेटावरून निघणं म्हणजे दोघांची तिकिटं पणाला लावणं.

सँटोरिनी बेटाचं नाव नाही म्हणून तुम्ही नाराज व्हाल, याचा अंदाज आहे. पांढरी घरं, निळे घुमट हे फोटो सगळ्यांनाच हवे असतात आणि तिथल्या खोल्यांचे भाव त्या फोटोंचेच असतात. नाक्सोस त्याच बोटींच्या वाटेवर आहे, मोठं आहे, शेती आहे, किनारे लांबलचक आहेत आणि त्याच पैशात बरी खोली मिळते. बंदराजवळच्या टेकाडावर अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा उभा आहे, 'पोर्तारा'. तिथे सूर्यास्त बघायला तिकीट लागत नाही. अगदीच राहवत नसेल तर नाक्सोसच्या चारांतली एक रात्र सँटोरिनीला द्या. बोटीने साधारण दोन तास लागतात. खर्च वाढेल, पण ठरवून केलेला खर्च असेल.

हिशेबासाठी युरो ११० रुपये धरतो. मुद्दाम चढा धरलाय, कारण २०२५ च्या सुरुवातीला नव्वदीच्या आत असलेला युरो त्याच वर्षी शंभरी ओलांडून गेला. एक थांबा घेणाऱ्या विमानाची दोन तिकिटं १,०४,००० रुपये. व्हिसा माणशी ९० युरो, त्यावर व्हिसा केंद्राची फी आणि प्रवास विमा धरून दोघांचे २६,०००. (विमा किमान ३०,००० युरोंच्या संरक्षणाचा लागतो, ती अटच आहे.) दहा रात्रींची साधी, स्वच्छ खोली ७५ युरोंप्रमाणे ८२,५००. मग येतो तो खर्च जो कुणी आधी सांगत नाही, मुक्कामावरचा कर. रोममध्ये तीन तारांकित हॉटेलात माणशी रात्रीला ६ युरो, ग्रीसमध्ये तशाच हॉटेलात एप्रिल ते ऑक्टोबर खोलीमागे रात्रीला ५ युरो. बुकिंगच्या रकमेत हा कर बहुधा नसतो, तो काउंटरवर भरायचा असतो. तुमचे ८,६०० तिथे जातील. जेवणाचे दिवसाला दोघांत ५० युरो, म्हणजे अकरा दिवसांचे ६०,५००. रोम-अथेन्स विमान बॅगेसह, बेटाची बोट जाऊन-येऊन, मेट्रो आणि बस मिळून ५१,७००. कोलोसियम, व्हॅटिकन संग्रहालय, पँथिऑन आणि अ‍ॅक्रोपोलिसची तिकिटं सुमारे १७,०००. बेरीज साडेतीन लाख. तिच्यावर दहा टक्के राखीव धरले की ३,८५,०००.

तुमच्याकडे आज २,७५,००० आहेत. सप्टेंबरपर्यंत त्यात १,२५,००० पडतील. झाले ४ लाख.

ही अगदी स्वस्तातली सहल नाही, हे मलाही दिसतंय. दीड लाखात दोघांचा युरोप असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यात विमानाचं तिकीट पॉइंट्सवर काढलेलं असतं किंवा राहणं मित्राकडे असतं. काटकसर करायची तर जागा निवडून करा. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट एप्रिल २०२५ पासून ३० युरो आहे, पण सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ग्रीसमधली सरकारी पुरातन स्थळं सगळ्यांना मोफत असतात. अथेन्सचा पहिला मुक्काम त्यात बसवता आला तर ६० युरो वाचले. इटलीत महिन्याचा पहिला रविवार सरकारी संग्रहालयांना मोफत असतो, कोलोसियमही त्यात येतं, पण रांग बघून ठरवा. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली विकत घेऊ नका. कॉफी काउंटरशी उभं राहून प्या, टेबलावर बसलात की भाव बदलतो. जेवणाच्या बिलात 'कोपेर्तो', म्हणजे माणशी बैठकीचा आकार, दिसला तर तो मेन्यूवर लिहिलेला आहे का ते बघा. शाकाहारी असाल तर वजनावर मिळणारा पिझ्झा आणि ग्रीसमधली पालकाची भाजी भरलेली पॅटी स्वस्तात पोट भरते. कट्टर असाल तर मात्र पार्मेसान आणि पेकोरिनो चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढलेलं विरजण) असतं हे लक्षात ठेवा. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर मेतकूट, भाजणी खुशाल न्या. साजूक तूप आणि पेढे मात्र नाहीत, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे.

पैसे कसे खर्च करता यावरही बरंच अवलंबून आहे. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकार ३.५ टक्क्यांपर्यंत असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दीड लाखाच्या खर्चावर सहा हजार नुसते उडाले. हा आकार न लावणारं एखादं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घ्या. फॉरेक्स कार्डात युरो एकदम भरू नका, जूनपासून तीन-चार टप्प्यांत भरा. तिकडच्या मशीनने 'रुपयांत की युरोत?' असं विचारलं तर प्रत्येक वेळी युरो दाबा, रुपयांतला भाव दुकानदाराच्या बँकेचा असतो. आणखी एक. परदेशी टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर) कापला जातो. स्वतः बुकिंग केलंत, तर १० लाखांच्या आतल्या परदेशी रकमेवर तो लागत नाही. टीसीएस विवरणपत्र भरताना परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

आहेराचे ८५,००० अजून घरात का आहेत? या आठवड्यात बँकेत भरा. लग्नानिमित्त मिळालेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. आहेराची वही आणि लग्नपत्रिका मात्र जपून ठेवा. घाई यासाठी की व्हिसासाठी खात्याचं काही महिन्यांचं स्टेटमेंट लागतं आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात आलेली मोठी रोख रक्कम बघून अधिकारी साशंक होतो. लोनचे ४ लाख असेच एकदम खात्यात पडले असते, तर तेही त्याच नजरेने बघितले गेले असते.

व्हिसाचा अर्ज ग्रीसकडे करा, इटलीकडे नाही. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. तुमच्या सहा ग्रीसमध्ये आणि चार रोममध्ये आहेत. बोटांच्या ठशांसाठी दोघांनाही स्वतः जावं लागेल. पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर असू द्या. तिकीट, विमा, अर्ज सगळ्यांवर तेच नाव घाला. या मधल्या काळात पासपोर्ट बदलायला टाकू नका. हॉटेलं मोफत रद्द करता येणारीच घ्या आणि विमानाच्या तिकिटालाही परताव्याची सोय आहे का ते बघा, कारण व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही.

शेवटी तुमच्या नवऱ्याच्या मुद्द्याकडे येतो, घर लावायला पैसे हवेत. फ्रिज, पलंग, पडदे यांची यादी करून आकडा काढा. तो ४०-५० हजारांत बसत असेल तर तीन-चार महिने एसआयपी थांबवा. एसआयपी थांबवली तर पाप लागतं असं आमच्या धंद्यातले लोक भासवतात, पण १४ टक्क्यांच्या लोनपेक्षा ते केव्हाही बरं. एसआयपी पुन्हा सुरू करण्याची तारीख आजच कॅलेंडरवर टाका. ऐनवेळी २०-३० हजार कमी पडले तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. एफडीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं, तेही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतं.

यादी लाखावर जात असेल तर सहल पुढच्या वर्षीच्या मेवर ढकला. तेव्हा सप्टेंबरअखेरची अ‍ॅक्रोपोलिसची मोफत सोय मिळणार नाही, बाकी सगळा आराखडा तसाच राहील.

आणि सहलीशी संबंध नसलेलं एक काम. दोघांनीही पीएफचं नॉमिनेशन पुन्हा भरा. लग्नाआधी केलेलं पीएफ नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरतं. कंपनीच्या आरोग्य विम्यात जोडीदाराचं नाव घालायलाही लग्नापासून ठरावीकच दिवस मिळतात, तेव्हा उद्याच एचआरला फोन करा.