पहिल्यांदाच सरस वापरताय? एवढं सांभाळा

जुन्या खुर्चीचा सांधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनवलेल्या गोंदाने, जोडायचं ठरवलंत, छान केलंत. ग्रॅम स्ट्रेंग्थ (सरसाच्या ताकदीचं माप), युरिया (सरस उशिरा थिजावा म्हणून घालतात तो) वगैरे सध्या डोक्यातून काढून टाका.

खरा खेळ तापमानाचा आहे. सरसाचे दाणे आधी थंड पाण्यात भिजवा, वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पुरतं. दाणे फुगून मऊ झाले की भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा. थेट आचेवर कधीच नाही! उकळला की त्याची ताकद गेली. मीही पहिला घाणा असाच घालवला. वास आठवडाभर जात नव्हता. ब्रश उचलल्यावर सलग पातळ धार पडली, तुटक थेंब पडले नाहीत, की झाला तयार.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- लाकूड गार असतं. सरस लागताच थिजतो आणि सांधा धरत नाही. तुकडे आधी किंचित कोमट करा.
- हाताशी जेमतेम मिनिटभर असतं. क्लॅम्प (सांधा दाबून धरणारा शिकंजा) आधीच लावून बघा, सरस न लावता कोरडी तालीम कराच.
- सैल सांध्यात सरस भरून भागत नाही. फट असेल तर लाकडाची पातळ चीप घाला.

जुना सरस पूर्ण खरवडायची गरज नाही, सैल पापुद्रे काढले की नवा त्यावर धरतो. मात्र आधी कुणी पांढरा फेव्हिकॉल लावला असेल तर तो मुळापासून काढा.

उरलेला फ्रिजमध्ये ठेवा, घरच्यांना सांगून.