वाचकांचे प्रश्न : ‘शाप की वरदान’च्या पुढे

कॉलेजात लिहायच्या शोधनिबंधांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. योगायोगाने दोन-तीन पत्रं उसाभोवतीच फिरतात, म्हणून उदाहरणंही तिथलीच दिली आहेत.

‘मराठवाड्यातील ऊसशेती आणि पाणीप्रश्न’ यावर ३००० शब्दांचा शोधनिबंध लिहायचा आहे. तीसेक पानांच्या झेरॉक्स जमवल्या. गाइड म्हणतात, ‘हा विषय झाला, तुझं म्हणणं काय?’ म्हणजे नेमकं काय हवं?
– टी.वाय.बी.ए. (अर्थशास्त्र), लातूर

त्यांना विधान हवं आहे. शाळेत आपण ‘मोबाइल : शाप की वरदान’ लिहितो, दोन्हीकडचे चार-चार मुद्दे मांडतो आणि शेवटी ‘वापर करणाऱ्यावर अवलंबून आहे’ म्हणून मोकळे होतो. दहा वर्षांची ही सवय कॉलेजात नडते. शोधनिबंधाला बाजू घ्यावी लागते, आणि ती पहिल्या पानावर सांगावी लागते.

विधान जमलंय का, हे पाहायचा सोपा उपाय म्हणजे ते उलटं करून बघायचं. ‘उसाला पाणी जास्त लागतं’ हे उलटं केलं तर कुणी शहाणा माणूस ते म्हणणार नाही. मग ही माहिती झाली, विधान नव्हे. ‘मराठवाड्यात ऊस बंद करावा’ यावर वाद होईल, पण कारखाने, कर्ज, तोडणी मजूर, राजकारण हे सगळं ३००० शब्दांत मावणार नाही. आता हे बघा : ‘वाचलेल्या पाण्यावर नवा ऊस लावायला मर्यादा घातली नाही, तर ठिबकच्या सक्तीने मराठवाड्यात पाणी वाचणार नाही.’ यावर मतभेद होऊ शकतो, पुरावा शोधता येतो आणि आवाकाही झेपणारा आहे. ‘तर’ आणि ‘नाही तर’ आलं की विधान आपोआप आवरतं.

आणखी एक. ‘उसाला ठिबक सक्तीचं करावं’ असं विधान अनेकजण करतात, पण राज्य मंत्रिमंडळाने तसा निर्णय २०१७ मध्येच घेतला होता हे त्यांना माहीत नसतं. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न तिथून येतो. विधान पक्कं करण्याआधी त्या विषयावर सरकारने आधी काय ठरवलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे बघायला एक दिवस द्या.

तीस पानं पुन्हा वाचायची, पण आता विधान समोर ठेवून. एका कार्डावर एकच मुद्दा, वर स्रोत, पान क्रमांक आणि तारीख. दुसऱ्याचे शब्द असतील तर अवतरणचिन्ह त्याच वेळी घाला. नंतर आठवत नाही, आणि चोरीचे बहुतेक आरोप या आळसातूनच येतात. वाचलेल्यापैकी निम्मी कार्डं बाजूला पडतील. वाईट वाटून घेऊ नका. जमवलेलं सगळं निबंधात कोंबलं की त्याचं गाइडबुक होतं.

परिच्छेद विस्कळीत वाटतो, ‘युक्तिवाद दिसत नाही’ असा शेरा मिळतो. परिच्छेद बांधायची काही रीत आहे का?
– एस.वाय.बी.ए., परभणी

आहे, आणि जुनी आहे. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन परंपरेत, अनुमानाचे पाच अवयव सांगितलेत : प्रतिज्ञा (पर्वतावर अग्नी आहे), हेतू (कारण धूर दिसतो), उदाहरण (जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर), उपनय (या पर्वतावरही तसाच धूर आहे), निगमन (म्हणून अग्नी आहे). विद्यार्थी बहुधा पहिले दोन लिहून थेट पाचव्यावर उडी मारतात.

‘ठिबकखालचं क्षेत्र वाढलं, म्हणून पाण्याची बचत झाली.’ यात मधलं काय गळलं? ठिबक बसवलं की शेतातलं पाणी वाचतं, हा नियम. आणि तो इथे लागू होतो का, हा तपास. याच तपासात निबंधाचा जीव असतो. एका एकराचं पाणी वाचलं आणि शेतकऱ्याने त्यावर शेजारच्या एकरात ऊस लावला, तर शेतात बचत झाली, पण विहिरीत नाही. तुमचा नियम बरोबर होता, लागू मात्र झाला नाही.

परिच्छेद १२० ते १८० शब्दांचा ठेवा. पहिल्या वाक्यात त्या परिच्छेदाचं म्हणणं असू द्या, आकडा नको. लिहून झाल्यावर सगळ्या परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं एका कागदावर उतरवा. ती सलग वाचून युक्तिवाद कळला तर बांधणी ठीक आहे. दोन वाक्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर तिथे यादी आहे, युक्तिवाद नाही.

विरुद्ध बाजू मांडा म्हणतात. आमच्या घरी ऊसच आहे, त्यामुळे मला ती बाजू पाठ आहे. पण ती नीट लिहिली तर माझंच विधान लंगडं होईल, अशी भीती वाटते.
– बी.कॉम., कोल्हापूर

उलट तुम्ही फायद्यात आहात. आपल्याकडे वादाची रीतच अशी की आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार आहेत : सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याला फक्त पाडण्यासाठी वितंडा. मराठीतला ‘वितंडवाद’ तिथूनच आला. परीक्षकाला पहिला प्रकार हवा असतो.

पूर्वपक्ष असा लिहा की ऊस लावणारा तो वाचून ‘हो, हेच माझं म्हणणं’ म्हणेल. ‘काही लोकांच्या मते ऊस फायदेशीर आहे’ हा पूर्वपक्ष नव्हे, बुजगावणं आहे. खरा पूर्वपक्ष असा : उसाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर ठरलेला आहे, आणि माल घ्यायला कारखाना आहे. सोयाबीनला, तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने सगळा माल कुणी उचलेलच याची खात्री नाही. ऊस पावसाच्या खंडालाही बराच टिकतो. तेव्हा ऊस लावणं हा हट्ट नाही, तो हिशेब आहे.

यातलं काय खोडायचं आणि काय मान्य करायचं, हे आता ठरवा. हिशेब शेतकऱ्यापुरता बरोबर आहे, हे मान्यच करा. मग सांगा, की प्रत्येकाचा हिशेब बरोबर असूनही सगळ्यांचं भूजल एकच असल्याने बेरीज चुकते. पूर्वपक्ष इतका मजबूत निघाला की उत्तरच सापडेना, तर विधान बदला. असं होणं ही नामुष्की नाही, पण सादरीकरणाच्या आठवडाभर आधी व्हावं, आदल्या रात्री नको. ३००० शब्दांत पूर्वपक्ष आणि त्याचं उत्तर मिळून ५०० ते ६०० शब्द पुरेत. जागा शेवटून दुसरी. अगदी शेवटी ठेवला, तर वाचणाऱ्याच्या डोक्यात तोच राहतो.

‘४ टक्के क्षेत्रावरचा ऊस राज्यातलं ७० टक्के सिंचनाचं पाणी पितो’ हे वाक्य सगळीकडे आहे. कुणाचा संदर्भ द्यावा?
– एम.ए. (भूगोल), नाशिक

सगळीकडे असणं हीच धोक्याची खूण. अशा वाक्याचं मूळ शोधल्याशिवाय ते वापरू नका. वर्तमानपत्राने कुणाचा हवाला दिलाय, त्या अहवालाने कुठल्या तक्त्याचा, असं मागे मागे जा. मूळ तक्त्यापाशी पोचलात की चार प्रश्न विचारा. वर्ष कुठलं? ४ टक्के कशाचे, लागवडीखालच्या एकूण क्षेत्राचे की सिंचित क्षेत्राचे? पाणी फक्त कालव्याचं की विहिरी-बोअरचंही? आणि ते मोजलेलं आहे की पिकाच्या गरजेवरून काढलेलं? तुमच्याच हातात दोन झेरॉक्सवर टक्केवारी वेगळी दिसेल. ती बहुधा यातल्याच एखाद्या उत्तरामुळे वेगळी असते.

दुसरी चूक तुलनेची. ‘उसाला सोयाबीनच्या कितीतरी पट पाणी लागतं’ हे खरं, पण ‘सुरू’ हंगामात लावलेला ऊस १२ महिने उभा असतो, ‘आडसाली’ हंगामातला १६ ते १८, आणि सोयाबीन साधारण १०० दिवस. तुलना महिन्यागणिक करा, नाही तर दर घनमीटर पाण्यामागे मिळणाऱ्या रुपयांची. आकडा पहिल्याइतका भडक राहणार नाही, पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोच टिकेल.

जाता जाता : ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जाणं ही १० टक्के वाढ नाही. ती १० टक्केबिंदूंची, म्हणजे २५ टक्के वाढ आहे. ही चूक संपादकीयांतही सापडते.

व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म पाठवून ५२ उत्तरं मिळवली, पाय चार्ट केले. ‘७३ टक्के तरुणांना ऑनलाइन शिक्षण नको’ असा निष्कर्ष काढला तर चालेल?
– टी.वाय.बी.एम.एम., ठाणे

नाही. ५२ जणांचे ७३ टक्के म्हणजे ३८ माणसं, आणि तीही तुमच्या ग्रुपमधली, ज्यांना फॉर्म भरायला सवड होती अशी. ‘विचारलेल्या ५२ विद्यार्थ्यांपैकी ३८ जणांनी’ असं लिहा, ते कुठल्या वर्गाचे आणि कसे निवडले ते सांगा. ‘तरुणांना’ हा शब्द काढा. पाय चार्टही काढा. दोन तुकड्यांचा पाय चार्ट एका वाक्याचंच काम करतो आणि पाऊण पान खातो.

त्या ५२ पैकी सहा जणांशी वीस-वीस मिनिटं बोललात, तर टक्केवारीपेक्षा जास्त हाती लागेल. ‘का नको’ याची उत्तरं फॉर्ममध्ये येत नाहीत.

अमेरिकेत बी.एस.च्या पहिल्या वर्षाला आहे. इथे ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’ आणि ‘पर्सुएसिव्ह’ असे दोन वेगळे पेपर आहेत. मला दोन्ही सारखेच वाटतात.
– ऑस्टिन, टेक्सास

पहिल्यात वाचकाला पटवायचं असतं, दुसऱ्यात त्याला काहीतरी करायला लावायचं असतं. पुरावा दोन्हीकडे लागतोच. मन वळवण्याच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या लेखात मात्र वाचक नेमका कोण हे ठरवावं लागतं, भावनेला जागा असते आणि शेवटी एक ठोस मागणी असते.

भावना म्हणजे विशेषणं नव्हेत. ‘लातूरकरांची भीषण, हृदयद्रावक पाणीटंचाई’ याने कुणी हलत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वॅगन, ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांवर होती. भागाकार करा : माणशी साधारण सव्वा लिटर. एका बाटलीत मावेल एवढं. वाचक इथे थांबतो.

पण इथेच सांभाळा. नंतरच्या गाड्यांना ५० वॅगन होत्या, २५ लाख लिटरच्या. म्हणजे माणशी साडेसहा लिटर. हे लपवून फक्त पहिली गाडी दाखवलीत आणि वाचकाला दुसरा आकडा ठाऊक असला, तर तुमचा पुढचा एकही आकडा तो मानणार नाही. दोन्ही द्या. साडेसहा लिटरही अर्धी बादली भरत नाही.

प्लॅगरिझम १० टक्क्यांच्या आत आणण्यासाठी शब्द बदलून घेतले. एआयकडून संदर्भही घेतले. आता गाइड संशय घेतात.
– एम.ए., पुणे

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्रबंधासाठी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची आणि रीतसर श्रेय दिलेली अवतरणं यात मोजत नाहीत. पण हे टक्के शब्दांच्या साम्याचे आहेत. श्रेय न देता उचललेली कल्पना शून्य टक्क्यांतही चोरीच असते.

शब्द बदलणं कसं पकडलं जातं ते बघा. समजा मूळ वाक्य असं : ‘हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रं उशिरा उघडतात, म्हणून शेतकरी सोयाबीन व्यापाऱ्याला विकतो.’ बदललेलं : ‘आधारभूत किंमत घोषित होते, परंतु क्रय केंद्रं विलंबाने सुरू होतात, यास्तव कृषक सोयाबीन व्यापाऱ्यास विकतो.’ सांगाडा तोच, मराठी मात्र मेली. कुणी विद्यार्थी ‘यास्तव कृषक’ लिहीत नाही, संशय तिथेच येतो. वाचा, पुस्तक मिटा, दुसऱ्या दिवशी न बघता लिहा आणि मग मूळ उघडून पडताळा. श्रेय तरीही द्यायचंच.

एआयने दिलेले संदर्भ एकेक करून तपासा. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा, नियतकालिकाच्या त्या अंकात ती पानं आहेत का बघा, प्रबंध असेल तर शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, पाहा. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेखच अस्तित्वात नाही, असा प्रकार या साधनांकडून सर्रास होतो. जो संदर्भ तुम्ही उघडून वाचला नाही, तो सूचीत नको. १२ खोट्या-खऱ्या नोंदींपेक्षा वाचलेल्या ७ बऱ्या. गाइडना आधीच जाऊन सांगा. व्हायवात उघड झालं, तर बोलायला जागा उरत नाही.

निबंध मराठीत आहे, पण बहुतेक स्रोत इंग्रजी. अवतरण इंग्रजीतच द्यावं का?
– एम.ए. (मराठी), फोंडा

मजकुरात मराठी अनुवाद द्या, मूळ वाक्य पान क्रमांकासह तळटीपेत, आणि तिथेच ‘अनुवाद प्रस्तुत लेखकाचा’ असं लिहा. लेखकाचं नाव पहिल्यांदा येईल तेव्हा देवनागरीत, सूचीत मात्र मूळ लिपीत. नावाचा उच्चार एकदा जो ठरवाल तो शेवटपर्यंत बदलू नका.