आसन घातलं की अंगावर येतो

“सतरंजी अंथरली की आमचा कुत्रा आलाच म्हणून समजा. पर्वतासनात गेले की पोटाखालून आरपार, भुजंगासनात तोंड चाटणार, शवासनात छातीवर पाय. खोलीत बंद केला तर दार खरवडतो, भुंकतो. पहाटे साडेपाचला! सोसायटीतून दोनदा बोलणी खाऊन झाली. आता योगासनं सोडू का?”

प्रश्न विचारणाऱ्या बाई पुण्यातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पाठदुखीसाठी डॉक्टरांनी रोज आसनं करायला सांगितलेली. कुत्रा देशी, तीन वर्षांचा, 18 किलोचा. त्याला इथे वाघ्या म्हणू; ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या बोलण्यात दोन वाक्यं हमखास असतात: “तो मुद्दाम करतो” आणि “बंद केलं की मलाच अपराधी वाटतं”. बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही म्हटली.

सल्ला देण्याआधी त्यांच्याकडून दोन गोष्टी मागवल्या. तीन सकाळचं मोबाइलवरचं चित्रीकरण आणि वाघ्याचं दिवसभराचं वेळापत्रक. निम्मं उत्तर वेळापत्रकातच होतं. रात्री दहाला शेवटची फेरी, पहाटे साडेपाचला बाईंची आसनं, साडेसहाला वाघ्याचं फिरणं. पोट साफ झाल्याशिवाय आसनाला बसायचं नाही हा नियम बाई स्वतःसाठी काटेकोर पाळत होत्या. वाघ्या मात्र साडेसात तास लघवी अडवून, रात्रभराची झोप पुरी करून, ताजातवाना त्यांच्याभोवती घिरट्या घालत होता. त्यामुळे पहिला बदल एवढाच सुचवला की क्रम उलटा करायचा. आधी अर्धा तास फिरवून आणायचं, तेही ओढत-धावत नाही तर प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप हुंगू देत. हुंगण्याने कुत्रा दमतोही आणि शांतही होतो. घरी आल्यावर पाणी, मग पंधरा-वीस मिनिटं काही नाही, आणि मग सतरंजी. जेवण आसनांनंतर. आठवड्याभरात दार खरवडणं निम्म्यावर आलं.

उरलेलं निम्मं समजायला कुत्र्याच्या डोळ्यांनी पाहावं लागतं. एरवी दोन पायांवर उभं असणारं माणूस अचानक दोन्ही हात जमिनीला टेकतं, ढुंगण वर करतं, डोकं खाली घालतं. कुत्र्यांमध्ये पुढचे कोपरे टेकून मागचा भाग उचलणं म्हणजे खेळायला बोलावणं. माणसाने असं वाकून दाखवलं तरी कुत्रे खेळायला लागतात, हे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासातही दिसलं होतं. म्हणजे पर्वतासनात बाई रोज त्याला आवतण देत होत्या, आणि तो आला की “अरे हट, सर!” म्हणत हाताने ढकलत होत्या. ढकलाढकली म्हणजे तर खेळाला रंगच चढला! पालथं किंवा उताणं झोपलं की माणसाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं, वर घामाचा खारटपणा. तो चाटणार नाही तर काय करील? मुद्दाम त्रास देणं यात कुठेच नाही.

दाराचं काय? अपराधी वाटण्याला काही आधार आहे का, हे तपासायचं तर खोलीत मोबाइल लावून बंद दाराआडचा कुत्रा पाहायचा. वाघ्या चारेक मिनिटं भुंकला, दोनदा दार खरवडलं, मग फटीशी नाक लावून पडला आणि ठेवलेलं बिस्किट खाल्लं. हा वैताग आहे, भीती नाही. लाळ गळत असेल, धाप लागली असेल, आवडीचा खाऊही तोंडाला लावत नसेल, दाराच्या चौकटीला दात लावत असेल, तर मात्र ते एकटेपणाचं भय. अशा कुत्र्याला बंद करून ‘सवय होईल’ म्हणणं चुकीचं. त्याची वेगळी उपचारपद्धत असते. बाकी कुत्र्यांसाठी घट्ट बंद दारापेक्षा लहान मुलांसाठी मिळतं ते जाळीचं फाटक बरं. दिसत राहतं, अंगावर येता येत नाही. पाऊण तास शेजारच्या खोलीत झोपलेल्या कुत्र्यावर अन्याय होत नाही, हे बाईंना मोकळेपणाने सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “पण मला तो जवळ हवाय.” मग काम ठरलं: त्याला त्याची जागा शिकवायची.

जुनी गोधडी घडी घालून साधारण दोन फूट बाय तीन फूट करायची, खाली घसरू नये म्हणून रबरी जाळी. खाऊ म्हणून बिनमिठाचं पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. 18 किलोच्या कुत्र्याला पनीर साधारण 30 ग्रॅम आणि उकडलेलं चिकन असेल तर 50 ग्रॅम. तेवढं जेवण त्या दिवशी कमी करायचं.

पहिले चार-पाच दिवस आसनांचा संबंध नाही. गोधडी टाकायची, गप्प उभं राहायचं. त्याचा पाय पडला की तुकडा त्याच्या पुढच्या पायांच्या मधोमध गोधडीवर ठेवायचा. हातातून भरवायचा नाही, नाहीतर कुत्रा हाताकडे सरकत गोधडीबाहेर येतो. बसला की आणखी एक, आडवा झाला की लागोपाठ दोन. दहाएक तुकडे झाले की “मोकळा” म्हणून एक तुकडा लांब फेकायचा. पाच मिनिटांचे असे दोन पाठ, आणि पाठ संपला की गोधडी उचलून ठेवायची. दिवसभर पडून राहिली की तिचं मोल जातं; ती अंथरली म्हणजे काहीतरी चांगलं होणार, हे टिकलं पाहिजे. मग थांबण्याचा वेळ वाढवायचा, पण चढत्या क्रमाने नाही: 3 सेकंद, 5, 8, मग परत 4, मग 12. सारखं कठीणच होत गेलं की कुत्रा सोडून देतो.

खरी मेहनत पुढच्या टप्प्यात आहे, आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात. कुत्रा गोधडीवर दोन मिनिटं बसायला लागला की सरळ सूर्यनमस्कार घालायला जातात, तो उठतो, आणि “आमचा ऐकतच नाही” म्हणून निष्कर्ष निघतो. माणसाची प्रत्येक हालचाल त्याच्यासाठी नवा प्रश्न असतो. म्हणून तुकडे पाडायचे. हात वर, तुकडा. कमरेत अर्धं वाकणं, तुकडा. गुडघा टेकणं, दोन्ही हात टेकणं, एका सेकंदाचं पर्वतासन. बसणं, पालथं होणं आणि सगळ्यात शेवटी उताणं होणं. हिशेब सोपा ठेवायचा: पाचपैकी चार-पाच वेळा तो जागेवर राहिला तर पुढची पायरी, तीनदा राहिला तर तीच पुन्हा, त्याहून कमी असेल तर एक पायरी मागे. गोधडी सतरंजीपासून पाच-सहा फूट, डोक्याच्या तिरक्या बाजूला. मान वळवली की दोघं एकमेकांना दिसले पाहिजेत, पण हात पसरला तरी त्याला लागता कामा नये. आसनांचा क्रमही तात्पुरता बदलला. आधी ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन, मग बैठी आसनं, मग पालथी, शेवटी उताणी.

दुसऱ्या आठवड्यात गाडी अडली. वाघ्या उठून यायचा, बाई “जागेवर!” म्हणायच्या, तो धावत जाऊन बसायचा आणि पनीर मिळवायचा. चित्रीकरणात हे दर मिनिटाला एकदा दिसत होतं. तो अगदी बरोबर शिकला होता: आधी उठायचं, बाईंकडे जायचं, परत यायचं, मग पनीर. उपाय दोन. तो उठण्याआधी, शांत पडून असतानाच तुकडा द्यायचा. आणि उठून परत गेलाच तर दहा सेकंद थांबून मग. आला तरी बोलायचं नाही, ढकलायचं नाही, उभं राहून भिंतीकडे पाहायचं. सुरुवातीला चार दिवस तो अधिकच जोर करील हेही आधीच सांगून ठेवलं होतं. रोज मिळणारं लक्ष अचानक बंद झालं की कुत्रा आधी हट्ट वाढवतो, मग सोडतो. नेमकं त्या चार दिवसांतच लोक हार मानतात.

शवासनासाठी वेगळी सोय लागते, कारण तिथे तुकडे टाकत राहिलं तर शवासन कसलं? खाचा असलेली सिलिकॉनची चाटण्याची चटई मिळते. तिच्यावर दोन चमचे घट्ट, बिनसाखरेचं दही पसरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचं. गोठलेलं दही चाटायला कुत्र्याला आठ-दहा मिनिटं लागतात, आणि चाटण्यानेच तो निवतो. ताटलीत दिलं तर ती फरशीभर फिरते, म्हणून खाली ओला पंचा.

प्राणायामाची अडचण निराळी. कपालभातीचे झटके कुत्र्याला फुरफुरण्यासारखे वाटतात आणि काही कुत्रे त्यावर भुंकतात. एकच हलका झटका, तुकडा. दोन झटके, तुकडा. असं हळूहळू वाढवावं. ॐकाराला वाघ्या गळा काढायचा. घरातल्या आजींच्या मते ते पूर्वजन्मीचं पुण्य. लांब, एका पट्टीतला सूर लागला की अनेक कुत्रे सूर मिळवतात. शंखाला आणि अॅम्ब्युलन्सच्या भोंग्यालाही मिळवतात. अंग सैल, शेपूट नेहमीसारखी असेल तर मिळवू द्यावा. शेपूट खाली, येरझाऱ्या चालू असतील तर तेवढ्यापुरता फाटकापलीकडे.

यानंतर बाईंनी जरा चाचरत एक गोष्ट सांगितली. त्यांच्या मुलाने रीलसाठी वाघ्याला योगासनं करायला लावली होती. मागून धरून पुढचे दोन्ही पाय डोक्यावर, नमस्काराच्या मुद्रेत. वाघ्या गुरगुरला, घरच्यांनी त्याला झापलं. ती क्लिप थांबवत थांबवत पाहिली. गुरगुरण्याआधी त्याने दोनदा ओठांवरून जीभ फिरवली, मान वळवली, झोप आलेली नसताना जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला. एवढं सांगूनही कोणी ऐकेना तेव्हा आवाज काढला. त्याबद्दल ओरडा मिळाला तर पुढच्या वेळी तो गुरगुरणं गाळून सरळ दात लावील. गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे आभार मानावेत, एवढं स्पष्ट त्या मुलाला ऐकवलं.

शिवाय शरीराचाही प्रश्न आहे. कुत्र्याला माणसासारखं कामाचं गळ्याचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला स्नायूंनीच जोडलेले असतात. ते पुढे-मागे छान चालतात, बाजूला फाकवले किंवा डोक्यावर ओढले की खांद्याला इजा होऊ शकते. मागच्या पायांवर उभं केलं की कंबर आणि खुब्यांवर भार. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या जातींत मणक्याची चकती सरकण्याचा धोका मुळातच असतो. उताणं करून ‘शवासन’ घालणं हा तर बऱ्याचदा कुत्र्याचा शरणागतीचा पवित्रा असतो, आराम नव्हे. अमेरिकेत 2000 नंतरच्या दशकात ‘डोगा’चे, म्हणजे कुत्र्याला सोबत घेऊन करायच्या योगाचे वर्ग सुरू झाले, आपल्याकडे 2019 च्या योगदिनी सुरक्षा दलांच्या श्वानपथकांचे फोटो घरोघर पोचले. पण त्या पथकांतले कुत्रे बसणं, आडवं होणं, लोळणं या आधी शिकवलेल्या आज्ञा आपल्या आपण पाळतात. कोणी त्यांचे पाय धरून वळवत नाही. शहरांतल्या ‘पपी योगा’बद्दलही, म्हणजे पिल्लं सोडलेल्या खोलीत चालणाऱ्या योगवर्गांबद्दल, बाईंनी विचारलं. जाऊ नका. दिवसाचे अठरा तास झोपायच्या वयातली, लसीकरण पुरं न झालेली पिल्लं हातोहात फिरवली जातात. इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने 2024 मध्ये अशा वर्गांत पिल्लं वापरायला मनाई केली, ती योग्यच.

मग एकत्र करायचं काय? सुखासनात बसून, तो आपणहून टेकला तर बरगड्यांवर तळहात ठेवून त्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास लांबवायचा. निवांत कुत्र्याचे श्वास मिनिटाला 10 ते 30 असतात. झोपेतही सतत तिसाच्या वर जात असतील तर पशुवैद्याला दाखवावं. छातीच्या बाजूने खांद्यापर्यंत सावकाश हात फिरवायचा, तीन सेकंदांनी थांबायचं. त्याने नाक खुपसून आणखी मागितलं तर पुढे, तोंड फिरवलं तर पुरे. झोपेतून उठल्यावर तो स्वतःच अंग ताणतो, त्या क्षणी “ताण” म्हणून तुकडा दिला की काही दिवसांत शब्दावर ताणायला लागतो. त्याचं पर्वतासन त्याच्या मर्जीने झालं.

एक गोष्ट मात्र बाईंच्या यादीत नव्हती आणि सगळ्यात धोकादायक तीच होती. पाठीला आणि गुडघ्याला त्या आसनांआधी डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाची जेल चोळत होत्या, आणि वाघ्या चाटत होता. हे औषध कुत्र्याच्या पोटात अल्सर करतं, मूत्रपिंडं निकामी करू शकतं. जेल लावायची तर रात्री, वर कापड आणि हात साबणाने धुऊन. चाटलंच तर उलटीची वाट न पाहता पशुवैद्याला फोन. कापूर आणि टी ट्री तेलही त्याच्या पोटात जाऊ देऊ नये, बंद खोलीत ते दरवळत ठेवू नये. फोमची मॅट कुरतडायची सवय असेल तर ती गुंडाळून उंच ठेवावी. गिळलेले तुकडे आतड्यात अडकतात. आणि आधी प्रेमळ असलेला कुत्रा अचानक हात लावू देईना, बसताना-उठताना कण्हू लागला, तर शिकवणी बाजूला ठेवून आधी तपासणी.

सहा आठवड्यांनी वाघ्या बैठी आणि पालथी आसनं संपेपर्यंत गोधडीवर राहू लागला. सूर्यनमस्कार अजून जमत नाहीत. तिसऱ्या फेरीला तो उठतोच. त्यामुळे बाई ते बारा नमस्कार फाटकाअलीकडे घालतात, मग फाटक उघडून गोधडी टाकतात.