हिरवा लेझर अडवताना हिरवा दिवाही जातो

प्रश्न : माझी मुलगी धुळ्याला विमान चालवायला शिकते. आता तिचे रात्रीच्या उड्डाणाचे तास सुरू होतील. वरातीत, मिरवणुकीत हल्ली हिरवे लेझर सर्रास आभाळात मारतात, म्हणून मी तिच्यासाठी ऑनलाइन केशरी काचांचा चष्मा मागवला. ती म्हणते, ‘पप्पा, हा घालून मला दिवेच ओळखू येणार नाहीत.’ तिचं खरं आहे का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : दादा, पोरीचं अगदी खरं आहे.

जळगावात 22 वर्षं मी चष्म्याचं दुकान चालवते. लाकडावर नावं कोरणाऱ्या एका मुलाने लेझर मशीनबरोबर आलेला असाच केशरी चष्मा मला दाखवायला आणला होता. तो लावून मी दुकानाच्या दारात उभी राहिले. चौकातला लाल सिग्नल लख्ख दिसत होता, हिरवा मात्र जवळजवळ विझलेला. समोरच्या हातगाडीवर पिकलेली केळी आणि हिरवट केळी यांत फरक उरला तो फक्त उजळ आणि काळपट एवढाच. ते भर दुपारी. तुमच्या मुलीला हे अंधारात करायचं आहे.

नेहमीच्या हिरव्या लेझरची तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप, 532 नॅनोमीटर असते. दिवसा आपला डोळा 555च्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतो, म्हणून हिरवा एवढा टोचतो. केशरी काच साधारण 540च्या खालचं सगळंच अडवते. लेझरचा हिरवा आणि दिव्याचा हिरवा यांत ती भेद करत नाही.

आता धावपट्टीवर या. ती जिथून सुरू होते तिथे हिरवे दिवे, टॅक्सीवेच्या, म्हणजे विमान धावपट्टीपर्यंत नेण्याच्या रस्त्याच्या, कडेला निळे. निळे तर या काचेतून गेलेच समजा. बाजूला चार दिव्यांची रांग असते, तिला पापी (PAPI) म्हणतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतरण्याचा कोन बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली आलंय. पांढऱ्यातून निळा-हिरवा काढला की तो केशरी दिसतो, लालच्या जवळ सरकतो. जमिनीपासून थोड्याच उंचीवर हा घोळ! समोरच्या विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. त्यावरून ते येतंय की जातंय ते कळतं. हिरवाच मेला तर कसं कळणार? मेडिकलमध्ये ती रंगांची परीक्षा पास झाली, ती उघड्या डोळ्यांनी.

नेमका 532चाच अरुंद पट्टा अडवणाऱ्या काचा मिळतात. त्यात रंग पुष्कळ टिकतात, पांढऱ्याला जरा गुलाबी झाक येते. पण अशा काचेचा लेप तिरक्या उजेडाला तेवढा चोख राहत नाही, आणि आता 520चे हिरवे लेझरही आलेत. ते या पट्ट्यातून निसटू शकतात. निळे, लाल तर वेगळेच. म्हणून असा चष्मासुद्धा प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. घेतलाच तर आधी जमिनीवर उभं राहून, संध्याकाळी, त्याच धावपट्टीचे दिवे आणि कॉकपिटचा पडदा त्यातून पाहायचा. पडद्यावरचे हिरवे आकडे पुसट वाटले तर तो चष्मा तिच्या कामाचा नाही.

तुमची काळजी मला कळते. विमानापर्यंतच्या अंतरावर लेझरने डोळा कायमचा जाणं क्वचितच घडतं. खरा धोका डोळे दिपण्याचा आहे. काही क्षण समोर नुसता डाग राहतो, आणि नेमकी तीच वेळ उतरण्याची असते. म्हणून तिने हे आधीच ठरवून ठेवावं : उजेड कुठून येतोय ते शोधायला बघायचं नाही. मान वळवायची, हाताचा आडोसा धरायचा, आतले दिवे वाढवायचे, डोळे चोळायचे नाहीत. शेजारी प्रशिक्षक असेल तर ‘तुम्ही घ्या’ म्हणून विमान त्यांच्या हाती द्यायचं आणि रेडिओवर लगेच कळवायचं. खाली उतरल्यावरही डाग राहिला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

तो केशरी चष्मा परत पाठवा. परत घेत नसतील तर कोरीव काम करणाऱ्या कुणाला तरी द्या. निळ्या लेझरच्या मशीनसमोर तो उपयोगाचा आहे, फक्त त्यावर लिहिलेली तरंगलांबी मशीनशी जुळते का ते आधी बघून घ्या.