हप्ता कमी दिसतो म्हणून ऑटोमॅटिक फोर बाय फोर घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एकाच गाडीचे दोन प्रकार तुम्ही पाहिलेत. पहिल्यात पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे, म्हणजे टू-एच (ताकद दोनच चाकांना), फोर-एच (चारही चाकांना, नेहमीच्या वेगासाठी) आणि फोर-एल (चारही चाकांना, हळू वेगात जास्त जोरासाठी), आणि कुठे काय लावायचं ते चालकाने ठरवायचं. दुसऱ्यात या तिन्हींच्या जोडीला फोर-ए, म्हणजे पुढच्या चाकांना कधी आणि किती ताकद द्यायची ते गाडीच ठरवते असा ऑटोमॅटिक मोड आहे, पण त्यासाठी कर्ज १० टक्क्यांनी वाढतं. विक्रेत्याने पहिल्या गाडीचा हिशेब पाच वर्षांच्या कर्जावर आणि दुसरीचा सात वर्षांच्या कर्जावर मांडून दिलाय, व्याजदर दोन्हीकडे १० टक्के. त्यामुळे महागड्या गाडीचा हप्ताच कमी येतो आणि तुमचा कल तिकडे झुकलाय. पत्नीही गाडी चालवते, तेव्हा ऑटोमॅटिक जास्त सुरक्षित, असंही घरात बोलणं झालंय. रोजची धाव डांबरी रस्त्यावर, वर्षातून चार-पाच वेळा मित्रांसोबत ऑफ-रोडिंग, आणि पाच-सहा वर्षांनी गाडी विकायचा बेत.

माझं मत आधीच सांगतो. पार्ट-टाइम घ्या आणि कर्ज पाच वर्षांचंच ठेवा. एका परिस्थितीत मी हे मत बदलेन, ती पुढे येईलच.

आधी हप्त्याकडे पाहू, कारण खरी गफलत तिथेच आहे. पार्ट-टाइम गाडीचं कर्ज १०० धरा. १० टक्क्यांनी पाच वर्षांत फेडलं तर महिन्याचा हप्ता साधारण २.१२ येतो आणि एकूण साडेसत्तावीसच्या आसपास व्याज जातं, म्हणजे एकंदर परतफेड १२७.५. ऑटोमॅटिकचं कर्ज ११०. ते सात वर्षांवर नेलं की हप्ता उतरतो १.८३ वर, पण एकूण परतफेड होते साधारण १५३.५. म्हणजे कागदावर १० ला दिसणारी सोय तुम्हाला २६ ला पडते. यातला मोठा वाटा त्या यंत्रणेचा नाहीच. अख्ख्या गाडीचं कर्ज दोन वर्षं लांबवल्याचा तो दंड आहे. तेच ११० पाच वर्षांत फेडलं असतं तर परतफेड १४० च्या थोडी वर गेली असती आणि फोर-ए तुम्हाला पावणेतेराच्या आसपास पडला असता. दोन प्रकारांची तुलना करायची तर मुदत एकच धरायला हवी. वेगवेगळ्या मुदतींचे हप्ते शेजारी ठेवून कोणाचाच निर्णय धड होत नाही.

दुसरा मुद्दा विक्रीचा. सात वर्षांच्या कर्जात पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही ११० पैकी जवळजवळ ४० मुद्दल बाकी असतं. गाडी विकून आलेल्या पैशातून आधी ते फेडायचं आणि उरेल त्यावर पुढच्या गाडीची तयारी करायची. पाच वर्षांच्या कर्जात त्या दिवशी गाडी पूर्णपणे तुमची असते. तुमच्या बेतात हा फरक फार मोठा आहे.

आता यंत्राकडे वळू, कारण पैसे कशाचे मोजतोय हे कळल्याशिवाय महाग-स्वस्त ठरत नाही.

पार्ट-टाइममध्ये फोर-एच लावलं की ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडतो. दोन्ही ॲक्सल (चाकांच्या जोड्यांचे आस) एकाच गतीने फिरायला लागतात. पण वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांब कमान कापावी लागते. चिखलात, वाळूत किंवा बर्फावर चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरायला जागाच नसते. पार्किंगमधल्या कोरड्या काँक्रीटवर फोर-एच लावून स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर काय होतं ते एकदा अनुभवलेला माणूस विसरत नाही: स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत पुढे सरकते, टायर फरशीवर खरवडतात, आणि नंतर टू-एचवर यायला लिव्हर हलत नाही. सरळ रेषेत थोडं मागे घेतलं की ताण सुटतो आणि लिव्हर सैल होते. ही सवय रोजची झाली तर ट्रान्सफर केस, शाफ्टचे सांधे आणि टायर या तिघांचं आयुष्य घटतं आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर येतं.

फोर-एमध्ये पुढच्या ॲक्सलकडे जाणारी ताकद बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा बहुपाती (अनेक चकत्यांचा) क्लच सांभाळतो. चाकांच्या गतीचे सेन्सर घसरण पकडतात आणि क्लच हवा तेवढाच आवळला जातो, त्यामुळे कोरड्या रस्त्यावरही हा मोड चालू ठेवता येतो. हे कायमस्वरूपी फोर बाय फोरपेक्षा वेगळं. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरमध्ये मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच, देऊन चारही चाकांना सतत ताकद दिलेली होती. आजही बाजारात हे सगळे प्रकार शेजारीशेजारी नांदतात. सुझुकी जिम्नी पार्ट-टाइम आहे. २०२१ च्या फोर्ड ब्रॉन्कोत मूळ यंत्रणा पार्ट-टाइम आणि फोर-ए असलेली यंत्रणा वरची. जीप रँग्लरही दोन्ही तऱ्हांनी मिळते. म्हणजे जाणकार कंपन्यांनीही पार्ट-टाइमला जुनं म्हणून टाकून दिलेलं नाही.

माझ्या मते निर्णयाची किल्ली इथे आहे. फोर-एचे पैसे मोजायचे ते रस्ता अवघड आहे म्हणून नव्हे, तर एकाच प्रवासात तो वारंवार बदलतो म्हणून. शंभर मीटर कोरडं डांबर, मग चिखल, मग पुन्हा डांबर, पुढे ओला उतार. अशा रस्त्यावर माणूस लिव्हर किती वेळा हलवणार? तो कंटाळतो आणि एक तर सगळीकडे फोर-एच ठेवून गाडीचा छळ करतो, नाहीतर सगळीकडे टू-एच ठेवून घसरतो. तिथे फोर-ए आपली किंमत वसूल करतो. तुमचं ऑफ-रोडिंग तसं नाही. डांबर संपतं, कच्ची वाट सुरू होते, तिथे थांबून फोर-एच लावायचं आणि परतीला काढायचं. दिवसातून दोनदा. खोल वाळूत किंवा लांब चढावर तर ऑटोमॅटिकवालेही लॉक केलेलं फोर-एच किंवा फोर-एलच लावतात, कारण सतत घसरत राहिलेला क्लच तापतो.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी ठामपणे बोलणार आहे. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते चांगली, चढते चांगली. थांबत मात्र लवकर नाही. ब्रेक दोन्ही गाड्यांना सारखेच आहेत आणि पकड टायरची आहे. ओल्या रस्त्यावर पत्नीची काळजी वाटत असेल तर पहिला खर्च चांगल्या टायरवर करा आणि ते गुळगुळीत होण्याआधी बदला. घसरड्या रस्त्यावर सहज वेग घेणारी गाडी चालकाला फसवते, हेही दोघांनी बोलून ठेवा.

देखभालीत फरक आहे, पण निर्णय फिरवण्याइतका नाही. फोर-एच्या ट्रान्सफर केसला बऱ्याच गाड्यांत ठरावीक प्रकारचंच तेल लागतं. चारही टायरचा घेर सारखा लागतो, नाहीतर सेन्सरना कायम घसरण दिसते आणि क्लच विनाकारण काम करत राहतो. त्यामुळे अर्धे झिजलेले टायर असताना एक फाटला तर दोन किंवा चारही घ्यावे लागू शकतात. पार्ट-टाइमलाही फोर-एचमध्ये टायर सारखे हवेतच, पण तुमची बहुतेक धाव टू-एचमध्ये आहे. तिथे उलटी काळजी घ्यावी लागते: महिनोन् महिने फोर-एच लावलंच नाही तर जोडणी आखडते. म्हणून काही कंपन्या महिन्यातून एकदा, साधारण १६ किलोमीटर, ते लावून चालवायला सांगतात. अर्थात कोरड्या डांबरावर नाही. इंधनातला फरक मी हिशेबात धरलेला नाही, तो तुमच्या वापरात किरकोळ आहे.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं, तेही सांगतो. तुमच्या गाडीत मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलचा लॉकर, म्हणजे ती दोन्ही चाकं एकत्र जखडणारी सोय, कारखान्यातूनच बसवून मिळत असेल तर त्याची किंमत विचारा. फोर बाय फोर असूनही पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी झालं की साध्या डिफरन्शियलची गाडी जागच्या जागी चाकं फिरवत राहते. मागचा लॉकर लावला की जमिनीवर टेकलेलं मागचं चाक ढकलायला लागतं. तुमच्या वाटांवर तो फोर-एपेक्षा कितीतरी जास्त कामाला येईल. त्याखालोखाल छोटा कॉम्प्रेसर, हवेचा गेज आणि ओढण्याचा चांगला पट्टा. वाळूत शिरताना टायरची हवा कमी करणं आणि डांबरावर आल्यावर पुन्हा भरणं, इतक्या स्वस्त उपायाने खूप गाड्या सुटतात. विम्याच्या अटी पाहून घ्या, डांबरी रस्त्याबाहेरचं नुकसान आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च त्यात बसतो का ते. बाकी उरेल ते आपत्कालीन निधीत. तुमच्याकडे चार महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे असं लिहिलंयत. नवीन हप्ता सुरू व्हायच्या आत तो सहा महिन्यांचा झालेला मला आवडेल.

आता ती परिस्थिती. पत्नीच्या रोजच्या रस्त्यात वर्षातले काही महिने असा बदलता, घसरडा पट्टा असेल आणि लिव्हरचं लक्ष ठेवणं तिला नको असेल, तर ऑटोमॅटिक घ्या, माझी हरकत नाही. हे तिला विचारा, तिच्या वतीने ठरवू नका. शक्य असेल तर चाचणीला दोन्ही गाड्या तिला चालवू द्या. मात्र तेव्हाही कर्ज पाच वर्षांचंच. वाढीव १० साठी महिना २.१२ ऐवजी २.३४ हप्ता बसतो का ते पाहा. बसत नसेल तर खरेदी काही महिने पुढे ढकला, तेवढी रक्कम साठवा आणि सुरुवातीच्या भरण्यात घाला. निधी मोडू नका.

बुकिंगच्या आधी विक्रेत्याकडून दोन्ही गाड्यांचे पाच वर्षांच्या मुदतीचे आकडे लेखी मागा, त्यात एकूण परतफेड आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारं शुल्क वेगळं लिहून घ्या. आणि वापरलेल्या गाड्यांच्या जाहिरातींत याच मॉडेलच्या पाच वर्षं जुन्या दोन्ही प्रकारांच्या किमती शेजारी ठेवून पाहा. फोर-ए असलेल्या गाडीला किती जास्त मिळतात ते तिथे दिसेल, आणि तेवढी रक्कम पावणेतेरातून वजा करता येईल. ते आकडे हाती आले की मला पाठवा, पुढचा हिशेब मिळून करू.