कुठल्या महिन्याचं?

चेंबूर, रविवार दुपार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार पानांत 'दारिद्र्य' हा शब्द सतरा वेळा आलाय (मोजले, सवय जात नाही) आणि एकाही माणसाचं काम, भाडं, दुखणं आलेलं नाही. रागावू नकोस. एम.ए. झाल्यावर मीही असंच लिहायचे. पीएच.डी. करू की एखाद्या संस्थेत नोकरी धरू, असं तू विचारलंस. त्यावर येते, पण आधी माझी एक फजिती ऐक.

नव्वदच्या दशकात मानखुर्दच्या एका वस्तीत आमची कौटुंबिक खर्चाची पाहणी चालू होती. प्रश्नावली मी तयार केलेली. खर्चाचे रकाने नीट आखलेले: घरभाडं, वीजबिल, पाणीपट्टी, शाळा, औषधपाणी. फॉर्म भरून आले, तक्ते झाले, अहवाल छापला. पाण्यावरचा खर्च जवळजवळ शून्य. मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही! वर्षभराने गठ्ठे माळ्यावर टाकायला काढले, तेव्हा एका फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आमच्या पाहणीतल्या मुलीच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं दिसलं: 'नळच नाही. गॅलन विकत. रोज चार.' मग तिथेच फतकल मारून सगळे फॉर्म उलटे करून पाहिले. तिने कितीतरी घरांत ते लिहून ठेवलं होतं. हिशेब केला तर त्या घरांचा पाण्याचा खर्च वीजबिलाच्या वर जात होता. मी 'पाणीपट्टी' विचारली, लोकांनी 'नाही' असं खरं उत्तर दिलं. आणि संगणकात भरताना कागदाची मागची बाजू बघा, असं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्याच वस्तीत एका बाईला मी स्वतः विचारलं होतं, "ताई, घरात महिन्याला किती येतात?" नवरा नाक्यावर उभा राहणारा, रंगकामाचा. तिने मेथी निवडता निवडता उलट विचारलं, "कुठल्या महिन्याचं?" दिवाळीच्या आधी एक आकडा, आषाढात दुसरा, मे महिन्यात गावी गेल्यावर तिसरा. मी तिन्ही मिळवून तीनाने भागले आणि रकान्यात लिहून मोकळी झाले. तिने असा सरासरी महिना आयुष्यात कधी पाहिला नव्हता. उधारी, भिशी, वाण्याची वही हे सगळं त्या भागाकारात गेलं.

ही चूक माझ्यासारख्या नवशिक्या पोरीच करतात असं समजू नकोस. राष्ट्रीय नमुना पाहणीत (केंद्र सरकारची घरोघर जाऊन होणारी पाहणी) १९९९-२००० च्या फेरीत अन्नावरचा खर्च एकाच घराला, एकाच कागदावर दोन रकान्यांत विचारला गेला: गेल्या ३० दिवसांचा आणि गेल्या ७ दिवसांचा. आठवड्याचं माणसाला जास्त आठवतं, महिन्याचं विसरतं. शेजारी शेजारी विचारल्यावर एका उत्तराने दुसऱ्याला ओढलं, महिन्याचा आकडा वर गेला, म्हणजे गरीब कमी दिसले. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेलं गरिबीचं प्रमाण २६ टक्क्यांवर आलं, आणि त्यातली किती घट खरी आणि किती रकान्यांची, यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडले. ते वाद मुळातून वाच. कंटाळवाणे आहेत, पण या धंद्याचं खरं शिक्षण तिथेच आहे.

किंवा २०११-१२ हे एकच वर्ष घे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने शहरातली दारिद्र्यरेषा माणशी महिना १,००० रुपये आणि देशात २१.९ टक्के गरीब. रंगराजन समितीने तीच रेषा १,४०७ वर नेली, आणि त्याच वर्षी, त्याच देशात २९.५ टक्के गरीब झाले. कुणाच्या ताटात घासभर काही वाढलं नाही की कमी झालं नाही. तू ज्याला 'विषय' म्हणतेस तो या दोन आकड्यांच्या मधल्या माणसांचा आहे. तिथे कोण आहे, हे शोधायला तुझी आख्खी कारकीर्द पुरणार नाही.

आपल्या मुंबईला हा उद्योग जुना आहे, आणि मला त्यातली एक गोष्ट कधी विसरता येत नाही. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये इथे ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला माणूस, हवेत बोलणं शक्य नव्हतं. जगायला किमान किती लागतं, हे ठरवायला त्यांनी काय घेतलं? तुरुंगातल्या कैद्याचा शिधा. देशातल्या माणसाच्या वाट्याला सरासरीने तेवढंही येत नाही, असं त्यांनी मांडलं. पुढे मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने गिरणगावातल्या कामगारांचे घरखर्च तपासले, त्याचा अहवाल १९२३ चा. तो सरकारचाच अहवाल सांगतो की कामगाराला धान्य दुष्काळी कामांच्या नियमांत ठरवल्याइतकं मिळतं, पण तुरुंगाच्या नियमांतल्या आहारापेक्षा कमी. गिरण्यांच्या शहराचा हा हिशेब! पुढे पुण्यात दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये उष्मांक धरून, दिवसाला २,२५०, रेषा आखली. तोवर मोजमाप तुरुंगाच्या कोठीतून बाहेर आलं होतं. तरी पोटापलीकडे, म्हणजे भाडं, प्रवास, डॉक्टर यांच्यापर्यंत नीट पोचायला त्याला फार वेळ लागला. अजून पोचलंय असं मी म्हणणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे.

पीएच.डी. कर, पण लगेच नको. आधी दोन वर्षं एखाद्या संस्थेत राहा आणि लोकांचे अर्ज भरून दे. संशोधन सहायक म्हणून नव्हे, खरोखर अर्ज भरणारी म्हणून. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, संजय गांधी निराधार, जे समोर येईल ते. शिधावाटप कार्यालयाच्या रांगेत महिनाभर उभी राहिलीस तर कल्याणकारी योजना म्हणजे काय ते कळेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यासाठी महाराष्ट्राने शहरी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये ठेवली. बाराने भाग. महिना पाच हजारसुद्धा नाही, आणि तेही सगळ्या घराचं मिळून. गोवंडीत दहा बाय बाराच्या खोलीचं भाडं काय आहे ते तुला माहीत आहे. आता चौदा हजारांवर असलेल्या वॉचमनने दाखल्यावर काय लिहावं? खरं लिहिलं तर धान्य बंद, खोटं लिहिलं तर रोज धाकधूक. तो काय लिहितो, कुणाच्या सल्ल्याने लिहितो, एजंट त्याचे किती घेतो, सेतूतला माणूस न विचारताच कुठला आकडा टाकतो, हे कुठल्याही पाहणीत येत नाही. पण सरकारदरबारी 'उत्पन्न' म्हणून जे जमा होतं, ते असं बनलेलं असतं. पुढे तू त्याच आकड्यांवर गणितं करणार आहेस.

तिथेच तुला 'अंगठा लागत नाही' हे वाक्य ऐकू येईल. आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातलं यंत्र तिला ओळखत नाही. नोंदीत ती त्या महिन्यात धान्य न उचललेली लाभार्थी होते. वरून बघणाऱ्याला वाटतं, हिला गरज नसावी.

शासन निर्णय वाचायला शीक. जीआरची मराठी रुक्ष असते, 'सदर', 'उपरोक्त', 'नस्ती' यांनी डोकं उठतं, पण योजना तिथे जन्मते आणि बऱ्याचदा तिथेच तिला लगाम बसतो. इंग्रजीतून या क्षेत्रात आलेली भली भली माणसं जीआर वाचत नाहीत, म्हणून त्यांचं लिखाण दिल्लीच्या कायद्यापाशी थांबतं. तुझी मराठी हे तुझं भांडवल आहे, त्याची लाज बाळगू नकोस.

आणि तुझ्या बाबांचं पगारपत्रक मागून घे. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील, व्यवसाय कर म्हणून. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामं निघाली, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी शहरातल्या पगारदारांवर बसवलेला तो कर. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला, म्हणजे आपल्यामागून जवळपास तीन दशकांनी. लोकलमध्ये रोज ज्यांच्या खांद्याला खांदा लावून जातेस, त्यांतल्या कितीजणांना ही वजावट कशासाठी सुरू झाली ते ठाऊक असेल? प्रबंधाला विषय सापडत नाही म्हणतेस, तो बाबांच्या कपाटात पडलाय.

पैशाचं सरळ सांगते. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००. ती नाही मिळाली तर तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्याच्या संस्थांची शिष्यवृत्ती बघ. रक्कम रखडते, तेव्हा सहा महिने घर कसं चालेल ते घरी आधीच बोलून घे. मधे सल्लागार कंपन्या भेटतील. वस्तीत तीन आठवडे, पन्नास स्लाइड, पैसे चोख. एखाददुसरं काम घे, मीही घेतलीत, फ्रिज त्यातूनच आला. पण लागोपाठ घेऊ नकोस. त्या कामात उत्तर आधी ठरलेलं असतं आणि तुझी नजर मारली जाते.

जागा कुठली, याचा फार घोळ घालू नकोस. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पलीकडे लोकसंख्या विज्ञान संस्थावाले, कलिन्याला विद्यापीठ, गोरेगावला रिझर्व्ह बँकेने काढलेली संस्था, सगळीकडे चांगली माणसं आहेत. मार्गदर्शक निवडताना एवढंच बघ की त्यांचे जुने विद्यार्थी त्यांच्याबद्दल कँटीनमध्ये काय बोलतात. संख्याशास्त्र मात्र चुकवू नकोस. नमुना पाहणीचे घरागणिक आकडे आता सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आम्हाला त्यासाठी वर्षवर्ष पत्रव्यवहार करावा लागायचा. तुम्ही पोरं ते उघडूनही बघत नाही.

शेवटचं एक. वस्तीत तुला हमखास विचारतील, "ताई, हे लिहून नेताय, आमचं काय होणार?" "वर पोचवते" असं म्हणू नकोस. मी तसं म्हणाले होते, आणि चार वर्षांनी त्याच गल्लीत त्या बाईने मला ओळखलं. चहा दिला, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. तिच्या गप्प बसण्याने मला जे वाटलं ते अजून जात नाही. "माहीत नाही" म्हण, आणि तिचा एक अर्ज अडलेला असेल तर तो घेऊन जा.

पुढच्या शनिवारी ये, चारनंतर. तुझ्या प्रश्नावलीचा कच्चा खर्डा छापून आण. एकाच बाजूला छाप, मागची बाजू कोरी राहू दे. आणि पेन्सिल आण, माझ्याकडच्या सगळ्या नातवाने पळवल्यात.

तुझी,
बाई